बॉयलरची टाळेबंदी

लॉकआउट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गिरणीचे कुलूप लावलेले फाटक येते. इंग्लंडमधल्या घरांत हाच शब्द गॅसच्या बॉयलरलाही लावतात. कडाक्याच्या थंडीत लाल दिवा लागतो, बॉयलर बंद पडतो आणि घर गार होऊ लागते. या टाळेबंदीलाही एक इतिहास आहे.

१८६८ साली लंडनमध्ये बेंजामिन वॉडी मॉन यांनी गॅसवर पाणी तापवणारे यंत्र बनवले. आइसलंडच्या उष्ण कारंज्यावरून त्याला नाव मिळाले 'गीझर'. तोच शब्द आज आपल्या न्हाणीघरात आहे. त्या यंत्राला धूर बाहेर नेणारी नळीसुद्धा नव्हती.

ज्योत विझली आणि गॅस वाहतच राहिला तर? याचे एक उत्तर थॉमस सीबेक यांच्या १८२१ सालच्या शोधात होते. दोन वेगळ्या धातूंचा सांधा तापवला की वीज निर्माण होते. पुढे असा सांधा बॉयलरच्या लहान, सतत तेवणाऱ्या ज्योतीत ठेवला गेला. त्याच्या विजेवर गॅसची झडप उघडी राही. ज्योत विझली, सांधा निवला, की झडप मिटे.

साठलेला गॅस काय करतो, हे पूर्व लंडनने १६ मे १९६८ रोजी पाहिले. रोनन पॉइंट या २२ मजली इमारतीत शेगडीच्या जोडातून गॅस गळला होता. पहाटे चहासाठी काडी ओढली गेली आणि इमारतीचा एक कोपरा कोसळला. चार माणसे गेली. तो दोष बॉयलरचा नव्हता, पण धोका तोच.

आजचा बॉयलर ज्योतीतूनच अतिसूक्ष्म वीजप्रवाह जातो का, ते तपासतो. ठिणगी पडूनही काही सेकंदांत प्रवाह मिळाला नाही, तर गॅस बंद. ठरावीक प्रयत्न फसले की टाळेबंदी. ती माणसानेच उठवायची.

कारण दरवेळी ज्योतीजवळ असतेच असे नाही. डिसेंबर २०१० च्या थंडीत ब्रिटनमध्ये असंख्य बॉयलर असे अडले. गॅस होता, ठिणगीही होती. भिंतीबाहेरची सांडपाण्याची बारीक नळी गोठली होती. नळीवर कोमट पाणी ओतल्यावर अनेक बॉयलर पुन्हा पेटले.

म्हणून बटण पुन्हापुन्हा दाबण्यापेक्षा कारण शोधावे, नाहीतर जाणकाराला बोलवावे. आणि आपल्याकडच्या गॅस गीझरबाबत एक ध्यानात ठेवावे: ज्योत आहे की नाही एवढेच हे यंत्र पाहते. कोंदट न्हाणीघरात साचणारा कार्बन मोनॉक्साइड त्याला दिसत नाही. त्यासाठी खिडकी आणि धूर बाहेर नेणारी नळी हवीच.