दोष एकट्या इंग्रजांचा?



१८०३ चं युद्ध इंग्रजांनी लादलं, असं आपण मुलांना सांगतो. पण त्याची वाट आपल्या महाडवरून जाते.

१८०१ मध्ये दुसऱ्या बाजीरावांनी विठोजी होळकरांना हत्तीच्या पायी दिलं. त्यांचे भाऊ यशवंतराव पुण्यावर चालून आले आणि २५ ऑक्टोबर १८०२ ला हडपसरला जिंकले. बाजीराव महाडला पळाले, इंग्रजांकडे मदत मागितली. ३१ डिसेंबरला वसईचा तह करून त्यांनी तैनाती फौज स्वीकारली. पुढच्याच वर्षी शिंदे-भोसल्यांशी इंग्रजांची लढाई जुंपली.

इंग्रजांची हाव मोठीच होती, पण दार आतून उघडलं गेलं. अनेकान्त म्हणजे सगळ्यांना सारखंच दोषी धरणं नव्हे. ज्याचा जेवढा दोष, तेवढा त्याच्या पदरी. मुलांना हेही सांगूया.