हाताची सवय आणि यंत्राची शिस्त

टंकलेखन यंत्रावर अक्षर चुकलें म्हणजे काय करावें, हा प्रश्न दिसावयास लहान आहे. कागदावरचें अक्षर खरवडतां येतें, त्यावर दुसरें ठोकतां येतें, नाहीं तर कागद काढून नवा घालतां येतो. परंतु लिहिलेलें वाचणारा माणूस नसून दुसरें यंत्र असेल, तर खोडाखोड कोणत्या खुणेनें करावयाची? ती खूण कोणीं ठरवावयाची? आणि सवय कोणीं बदलावयाची, माणसानें कीं यंत्रानें? संगणकाला लिहून आज्ञा देण्याच्या पद्धतीचा इतिहास हा बव्हंशीं या शेवटल्या प्रश्नाच्या उत्तराचा इतिहास आहे.

आज घरोघरीं संगणक चालतो तो चित्रांवर बोट ठेवून. पण ज्यांचा व्यवसायच संगणकाचा आहे, ते अद्यापिही कळफलकावर आज्ञेची एक ओळ लिहितात आणि यंत्र ती पाळतें. ही ओळ वाचून घेणाऱ्या कार्यक्रमाला ‘शेल’ म्हणजे कवच म्हणतात. कारण यंत्रणेच्या गाभ्याभोवतीं तें कवचासारखें असतें. या परंपरेंतील सर्वांत प्रभावी पद्धति म्हणजे युनिक्स. १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनीं तिचा पाया घातला.

त्या काळीं संगणकाशीं बोलण्याचें सामान्य साधन म्हणजे तारायंत्राच्या घराण्यांतलें टेलिटाइप. १९६३ सालीं निघालेलें तेहतीस क्रमांकाचें टेलिटाइप सेकंदाला दहा अक्षरें कागदाच्या गुंडाळीवर ठोकी. एकदां उमटलेलें अक्षर पुसण्याची सोय त्यांत नव्हती. म्हणून मल्टिक्स या पूर्वीच्या पद्धतींतील एक युक्ति युनिक्सनें उचलली. ‘#’ ही खूण लिहिली कीं मागचें एक अक्षर रद्द आणि ‘@’ ही खूण लिहिली कीं सारी ओळ रद्द. मराठींत उदाहरण द्यावयाचें तर, ‘कमळ’ लिहितांना चुकून ‘कमल’ झालें, तर कागदावर ‘कमल#ळ’ असें दिसावें आणि यंत्रानें तें ‘कमळ’ असें वाचावें. १९७१ सालीं रे टॉमलिन्सन यांनीं विद्युत्-टपालाच्या पत्त्यासाठीं नेमकी ‘@’ हीच खूण निवडली. परिणाम असा झाला कीं, मल्टिक्सवर बसलेल्या माणसानें पत्ता लिहावयास घेतला म्हणजे लिहिलेली ओळच नाहींशी व्हावी!

खोडण्याच्या कळेची कथा याहूनही जुनी आहे. पूर्वी मजकूर कागदी फितीवर भोंकें पाडून साठवीत. पुढें रूढ झालेल्या संकेतांत एका अक्षराला सात भोंकांच्या जागा असत. पडलेलें भोंक बुजवितां येत नाहीं, परंतु उरलेल्या जागीं नवीं भोंकें पाडतां येतात. म्हणून सातही जागा भोसकलेलें अक्षर तें खोडलेलें अक्षर, असें ठरलें; द्विमान गणनेनें त्याचा क्रमांक १२७. छपाईची जागा एक घर मागें नेण्याची खूण निराळी होती. तिचा क्रमांक ८. कागदाच्या युगांत हीं दोन कामें खरोखरच वेगळीं होतीं. पुढें पडद्याचीं यंत्रें आलीं तेव्हां दोहोंचा हेतु एक झाला, पण क्रमांक दोनच राहिले. एका कारखानदाराची कळ ८ पाठवी, दुसऱ्याची १२७. यंत्राची अपेक्षा आणि कळेचा उच्चार जुळला नाहीं, म्हणजे अक्षर खोडलें जाण्याऐवजीं पडद्यावर भलतीच चिन्हें उमटत. अशा वेळीं ‘एसटीटीवाय’ या आज्ञेनें आपली खोडण्याची खूण कोणती तें यंत्राला सांगतां येई. सवलत खरी, पण अपुरी. ओळीच्या आरंभींचा शब्द चुकला असल्यास शेवटापासून तेथपर्यंत सारें खोडीत जावें लागे.

दरम्यान लेखसंपादनाच्या कार्यक्रमांनीं लोकांच्या बोटांना दोन निराळ्या सवयी लावल्या होत्या. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजींत १९७६ सालीं रिचर्ड स्टॉलमन प्रभृतींनीं ‘ईमॅक्स’ सिद्ध केला. त्यांत कंट्रोलची कळ दाबून धरून दुसरी कळ दाबावयाची. बर्कलेला बिल जॉय यांनीं ‘व्हीआय’ रचला. त्यांत लिहिण्याची अवस्था एक आणि आज्ञेची दुसरी. जॉय यांच्यापुढील यंत्राच्या एच्, जे, के, एल् या कळांवरच बाण छापलेले होते, म्हणून त्याच चार कळा पुढें दिशादर्शक झाल्या. तें यंत्र गेलें, सवय राहिली. १९८३ सालीं जाहीर झालेल्या डेव्हिड कॉर्न यांच्या शेलनें या दोन्ही पद्धतींनीं आज्ञेची ओळ दुरुस्त करण्याची मुभा दिली. पुढें पॉझिक्स या नांवाचें प्रमाण ठरवितांना ‘व्हीआय’ची पद्धति घेतली गेली आणि ‘ईमॅक्स’ची वगळली गेली. त्यांत ईमॅक्सवाल्यांचीच इच्छा होती! प्रमाणाच्या चौकटींत बसविलें तर त्याचा मनमोकळा विस्तार खुंटेल, अशी त्यांना भीति वाटत होती.

१९८९ सालीं ब्रायन फॉक्स यांचा ‘बॅश’ हा शेल प्रसिद्ध झाला. त्यांतील ओळ वाचण्याचा भाग ‘रीडलाइन’ या नांवानें स्वतंत्र ठेवण्यांत आला आणि त्याची जोपासना पुढें चेट रेमी यांनीं केली. हा भाग इतर कार्यक्रमांनाही वापरतां येई, म्हणून मनुष्यानें आपल्या सवयी ‘इनपुटआरसी’ नांवाच्या एका लहानशा फाइलींत एकदांच लिहून ठेवाव्या, आणि या सर्व कार्यक्रमांनीं त्या पाळाव्या, अशी सोय झाली. एका ओळीनें ‘व्हीआय’ची पद्धति मिळते, दुसरीनें चुकीबरोबर वाजणारी घंटा गप्प होते, तिसरीनें वर जाणाऱ्या बाणाची कळ, आरंभींचीं अक्षरें जुळणाऱ्या जुन्या आज्ञाच तेवढ्या शोधून देते. मात्र या सोयीला एक अट होती. रीडलाइन ज्या कार्यक्रमांत जोडावयाचा, त्यानेंही ग्नू परवान्याखालीं आपला मूळ मजकूर खुला ठेवला पाहिजे. १९९२ सालीं ब्रूनो हाइब्ले यांनीं आपला ‘सीलिस्प’ हा कार्यक्रम याच कारणानें, स्टॉलमन यांच्याशीं वाद झाल्यानंतर, त्या परवान्याखालीं आणला. ज्यांना ही अट नको होती त्यांच्यासाठीं ‘एडिटलाइन’ हा पर्याय निर्माण झाला.

या इतिहासाचा एक धागा मराठी लेखनापर्यंत येऊन पोंचतो. इंग्रजी अक्षरांना सात बिटें पुरत. उरलेलें आठवें बिट रीडलाइननें ‘मेटा’ या खास कळेची खूण मानलें होतें. १९९२ सालीं थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनीं जगांतील लिप्यांसाठीं यूटीएफ-८ ही संकेतपद्धति योजली. तींत देवनागरीचें प्रत्येक वर्णचिन्ह तीन बाइटांचें असतें, आणि तिन्ही बाइटांत आठवें बिट चढलेलें असतें. त्यामुळें जुन्या व्यवस्थेंत ‘क’ लिहिला, तर यंत्र त्याला अक्षर न समजतां तीन आज्ञा समजे! आठवें बिट अक्षराचाच भाग माना, असें त्याच फाइलींत तीन ओळींनीं बजावावें लागे. २००२ सालच्या आवृत्तींत अनेक बाइटांच्या अक्षरांना रीडलाइनमध्यें रीतसर स्थान मिळालें. पुढें यंत्राची भाषा पाहून ही व्यवस्था आपोआप होऊं लागली.

‘#’ लिहून मागचें अक्षर मनांतल्या मनांत खोडणाऱ्या माणसापासून स्वतःच्या लिपींत निर्वेधपणें लिहिणाऱ्या माणसापर्यंतचा हा प्रवास आहे. प्रारंभीं सवय माणसानें बदलावी असा दंडक होता. ती यंत्रानें बदलावी हा निवाडा होण्यास दोन पिढ्यांचे परिश्रम लागले. तो निवाडा कोणत्याही मोठ्या ग्रंथांत नाहीं; चार-दोन ओळींच्या एका फाइलींत आहे, आणि ती फाइल लिहिण्याचा अधिकार यंत्राच्या मालकाकडे नसून कळफलकावर बसणाऱ्याकडे आहे.