एकजीव होणारे द्रव आणि अबकारी खातं

मंडळी, तेल पाण्यात ओतलं की वर तरंगतं. मद्यार्काचं तसं नाही. तो पाण्यात कुठल्याही प्रमाणात घाला, एकजीव होतो. अशा द्रवांना मिश्रणीय द्रव म्हणतात. ७० टक्के मद्यार्काचं जंतुनाशक, टिंक्चर आयोडीन ही सगळी याच गुणाची देणगी. पण याच गुणानं सरकारला मोठा पेच घातला, तो इतिहास आज बघू.

दारूवर कर लावायचा, तर तिच्यात मद्यार्क किती नि पाणी किती हे कळायला हवं. नजरेला दोन्ही सारखीच! बरं, बेरजेचाही भरवसा नाही. ५० मिलिलिटर पाण्यात ५० मिलिलिटर मद्यार्क घातला तर १०० भरत नाहीत, सुमारे ९६ भरतात. इंग्लंडात पूर्वी म्हणे दारूनं भिजवलेली बंदुकीची दारू पेटवून बघत. पेटली तर माल कडक. पुढे १८१६ च्या कायद्यानं साइक्सचं हायड्रोमीटर अधिकृत ठरलं. मद्यार्क पाण्याहून हलका, त्यामुळे हे तरंगतं उपकरण जितकं खोल बुडेल तितकी दारू तेज. हीच मोजणी आपल्याकडच्या अबकारी खात्यातही आली.

दुसरा पेच कारखानदारांचा. व्हार्निशसाठी मद्यार्क हवा, पण करामुळे तो परवडेना. ब्रिटिश सरकारनं १८५५ मध्ये तोड काढली: नऊ भाग मद्यार्कात एक भाग लाकडापासून काढलेलं स्पिरिट मिसळा आणि कर माफ. या स्पिरिटात मुख्यतः मिथेनॉल, म्हणजे विष. तेच का निवडलं? ते मद्यार्कात पुरतं एकजीव होतं आणि उत्कलनबिंदूही जवळचे, ६५ आणि ७८ अंश. सहजासहजी वेगळं काढता येत नाही. पिणाऱ्याला परावृत्त करायचं, ही त्यामागची कल्पना.

पण जे सहजासहजी वेगळं काढता येत नाही, ते पेल्यात मिसळलं तर पिणाऱ्याला सहसा ओळखताही येत नाही. शरीरात मिथेनॉलचं फॉर्मिक आम्ल होतं, दृष्टी जाते, माणूस दगावतो. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला मिथेनॉल असलेली गावठी दारू पिऊन शंभराहून जास्त माणसं गेली. बहुतेक हातावर पोट असलेली.

तेव्हा हिशेब असा आहे, मंडळी. पेल्यात कर किती, हे मोजायची सोय कायद्यानं दोनशे वर्षांपूर्वीच केली. पेल्यात विष किती, हे मालवणीतल्या त्या पिणाऱ्यांसाठी कुणीच मोजलं नाही.