डेस्कटॉपची तारीख वारंवार मागे जाते? आधी मदरबोर्डवरचा सेल तपासा

घरातला जुना डेस्कटॉप सुरू केला की तारीख काही वर्षे मागे गेलेली दिसते, काळ्या स्क्रीनवर एफ१ दाबायची सूचना येते आणि शिष्यवृत्तीच्या फॉर्मची साइट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणत उघडतच नाही. फॉर्मची मुदत संपत आलेली असली की 'मदरबोर्ड गेला' म्हणून घरात घबराट होते. ही लक्षणे एकत्र दिसत असतील तर दोष बहुधा एका छोट्या सेलचा असतो.

असे का होते?

मदरबोर्डवर नाण्यासारखा गोल, ३ व्होल्टचा सेल असतो. त्याचा नंबर बहुधा सीआर २०३२. वीज नसताना घड्याळ चालू ठेवण्याचे काम तो करतो. बऱ्याच मशीनमध्ये बायोसच्या सेटिंगही त्याच्यावरच टिकतात. आपण रात्री भिंतीवरचे बटण बंद करतो, तेव्हा सगळा भार या सेलवर येतो. सुरक्षित वेबसाइटच्या प्रमाणपत्राला ठरावीक मुदत असते. कॉम्प्युटरची तारीख त्या मुदतीबाहेर गेली की ब्राउझर साइट अडवतो.

फॉर्म आजच भरायचा असेल तर

विंडोजमध्ये तारीख, वेळ आणि भारतीय टाइम झोन नीट लावा. ब्राउझर बंद करून पुन्हा उघडा. काम होईपर्यंत वीजपुरवठा बंद करू नका.

सेल कसा बदलायचा?

१. बायोसमधील सेटिंगचे मोबाइलवर फोटो काढा. त्यात जाण्यासाठी मशीन सुरू होताना डिलीट किंवा एफ२, तर एचपीच्या बऱ्याच मशीनवर एफ१० दाबतात.
२. बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून ठेवा. सेटिंग बदलल्यावर ती मागितली जाऊ शकते.
३. मशीन बंद करून पॉवर केबल काढा. कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या.
४. जुना सेल कसा बसवला आहे त्याचा फोटो घ्या, क्लिप हलकेच दाबून तो काढा आणि त्याच नंबरचा नवा सेल तसाच बसवा.

नंतर काय बघायचे?

बायोसमध्ये तारीख-वेळ भरा. बूटच्या यादीत विंडोज असलेली डिस्क पहिली ठेवा. सेटिंग मूळ स्थितीत गेल्यावर साटा मोड बदललेला असू शकतो; तो पूर्वीसारखा नसेल तर विंडोज निळी स्क्रीन दाखवून थांबते. अशा वेळी लगेच फॉरमॅट मारू नका, आधी काढलेल्या फोटोशी जुळवून बघा. मशीन पूर्वीपेक्षा मंद वाटली तर रॅमची एक्सएमपी सेटिंग बंद झाली आहे का, तेही पाहा. ३२०० ची डीडीआर४ रॅम त्याशिवाय बहुधा कमी वेगाने चालते.

नवा सेल टाकूनही तारीख मागे जात असेल, तर मात्र मदरबोर्ड दुरुस्तीवाल्याला दाखवा.

मुलांपासून जपा

काढलेला सेल टेबलावर ठेवू नका. लहान मुलाने तो गिळला तर अन्ननलिकेत दोन तासांतही गंभीर जखम होऊ शकते. नुसता संशय आला तरी उलटी करवू नका, वाट पाहू नका. लगेच दवाखाना गाठा. जुन्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा आणि तो ई-कचऱ्यातच द्या.