ठिगळांवर जगलेले खेळ

कपाटात ठेवलेलं जुनं पुस्तक वीस वर्षांनी उघडलं तर पानं पिवळी पडलेली असतात, पण वाचता येतं. संगणकावरच्या खेळाचं तसं नसतं. सीडीवर एक ओरखडा नसला तरी खेळ चालेलच याची खात्री नाही. मी इथे जर्मनीत जुने गणिती प्रोग्रॅम नव्या यंत्रांवर चालते ठेवण्याचं काम करतो. त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. पण त्यातले सगळ्यात चांगले धडे मला गणिताच्या नव्हे, खेळांच्या इतिहासात सापडले.

आपल्याकडच्या सायबर कॅफेत वाढलेल्या पिढीला 'जीटीए सॅन अँड्रियास' वेगळा सांगायला नको. पीसीवर तो २००५ साली आला. २०२४ साली विंडोज ११ ची २४एच२ ही आवृत्ती आली आणि त्या खेळातलं स्किमर नावाचं, पाण्यावर उतरणारं विमान चक्क नाहीसं झालं. सगळ्यांनी अर्थातच मायक्रोसॉफ्टला बोल लावला. सायलेंट या टोपणनावाने काम करणाऱ्या एका पोलिश प्रोग्रॅमरने २०२५ मध्ये याचा छडा लावला, तेव्हा दोष विंडोजचा नव्हताच, असं निघालं.

झालं होतं असं. खेळातल्या प्रत्येक वाहनाची माहिती एका फाइलमध्ये एकेका ओळीत असते. आधीच्या 'व्हाइस सिटी'त स्किमरची नोंद होडी म्हणून होती आणि होडीला चाकांचे आकडे लागत नाहीत. सॅन अँड्रियासमध्ये ते विमान झालं, पण चाकांचे आकडे भरायचे राहून गेले. आता वर्गातला न पुसलेला फळा डोळ्यांसमोर आणा. प्रोग्रॅम स्किमरची ओळ वाचतो, चाकांचे आकडे मिळत नाहीत, म्हणून फळ्यावर आधीच्या तासाचं जे उरलेलं असेल तेच घेतो. आधीची ओळ होती एका व्हॅनची. तिचे आकडे योगायोगाने बरे होते, म्हणून एकोणीस वर्षं कुणाला काही कळलं नाही. नव्या विंडोजने फळ्याचा तोच कोपरा मधल्या वेळात स्वतःच्या कामाला वापरला, आणि विमान उडालं ते थेट एकावर एकतीस शून्यं इतके मीटर वर!

म्हणजे प्रोग्रॅममधलं एक अक्षरही बदललं नव्हतं, बदललं ते भोवतालचं जग. खेळ जपायचा म्हणजे नुसती सीडी जपून भागत नाही. तो नव्या जगाशी पुन्हा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. त्या जुळवाजुळवीला इंग्रजीत पॅच म्हणतात, म्हणजे आपलं ठिगळ. हा शब्द अगदी शब्दशः आला आहे. पूर्वी प्रोग्रॅम कागदी पट्टीवर भोकं पाडून लिहीत, आणि चुकलेलं भोक बुजवायला वर खरंच कागदाचा तुकडा चिकटवत.

पण ज्याने कपडा शिवला तोच शिंपी उरला नाही तर? याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे 'व्हॅम्पायर: द मास्करेड – ब्लडलाइन्स'. ट्रॉयका या छोट्या कंपनीने केलेला हा खेळ नोव्हेंबर २००४ मध्ये, गाजलेल्या 'हाफ-लाइफ २' बरोबर एकाच दिवशी बाजारात आला आणि त्याच्या सावलीत झाकोळला गेला. लेखन अप्रतिम, पण खेळ दोषांनी भरलेला. कथेच्या उत्तरार्धात एका ठिकाणी होडीत बसून निघालं की खेळच बंद पडायचा. अधिकृत पॅच आला, आणि फेब्रुवारी २००५ मध्ये कंपनीला टाळं लागलं.

पुढचं काम चाहत्यांनी उचललं. डॅन अपराइटने सुरू केलेला अनधिकृत पॅच व्हेर्नर श्पाल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने पुढे चालवला. मूळ कंपनी या खेळानंतर जेमतेम तीन महिने टिकली, आणि हा माणूस वीस वर्षांहून अधिक काळ तोच खेळ दुरुस्त करत राहिला! पुढे 'गॉग' या दुकानाने हा खेळ विकायला ठेवला तो हाच पॅच घालून. फुकट केलेली दुरुस्ती विकाऊ मालाचा भाग झाली.

मात्र इथे एक पेच आहे. श्पालच्या पॅचचे दोन प्रकार आहेत. एक फक्त दोष काढतो. दुसरा मूळ फाइलींमध्ये अर्धवट पडून असलेले संवाद, वस्तू आणि प्रसंगही परत आणतो. मग पुढच्या अभ्यासकाने कोणता खेळ 'खरा' मानायचा? जुन्या पोथ्यांचा अभ्यास करणाऱ्यांना हा प्रश्न ओळखीचा वाटेल. मूळ संहिता कोणती आणि प्रक्षिप्त काय? श्पालने दोन्ही वाटा वेगळ्या ठेवल्या, ही त्याची शिस्त मला फार मोलाची वाटते.

दुसरं उदाहरण वेगाचं आणि चित्राच्या दर्जाचं. ऑगस्ट २०१२ मध्ये 'डार्क सोल्स' पीसीवर आला. तुमचा पडदा कितीही मोठा असो, आतलं चित्र १०२४ बाय ७२० बिंदूंचंच. त्याच दिवशी पेटर टोमान या ऑस्ट्रियन संगणक संशोधकाने 'डीएसफिक्स' नावाचा उपाय प्रसिद्ध केला. त्याने खेळाला हातच लावला नाही. खेळ आणि ग्राफिक्सची यंत्रणा यांच्या मधे एक फाइल उभी केली, जी जाणारे निरोप अडवून त्यातले आकडे बदलायची. पुढे त्यात सेकंदाला ३० ऐवजी ६० चित्रांची सोय आली, आणि काही खेळाडू शिडीवरून उतरताना जमिनीतून आरपार पडू लागले. खेळातल्या हालचालींचं गणितच ३० चित्रं गृहीत धरून केलेलं होतं. ठिगळ लावलं की शेजारची शिवण ताणली जाते ती अशी! टोमानने नंतर पीसीवर खेळ आणून देणारी स्वतःची कंपनी काढली.

आता थोडं अवघड प्रकरण. 'नो-सीडी क्रॅक' हा शब्द आपल्याकडे शाळकरी पोरांच्याही तोंडी होता. अस्सल सीडी फार थोड्या घरांत असायच्या. पण अस्सल सीडीवाल्यांचं काय झालं पाहा. पूर्वी अनेक खेळांवर सेफडिस्क नावाचं कुलूप असे. ते असुरक्षित आहे म्हणून २०१५ साली विंडोज १० ने ते चालवणं बंद केलं, आणि थोड्याच दिवसांत जुन्या विंडोजवरही ते बंद झालं. पैसे मोजून घेतलेल्या सीड्या मुक्या झाल्या, आणि क्रॅक केलेल्या प्रती मात्र चालत राहिल्या. त्याआधी २००८ मध्ये युबिसॉफ्टने 'रेनबो सिक्स व्हेगास २' च्या ग्राहकांना दिलेल्या दुरुस्तीत रीलोडेड या क्रॅकर टोळीची खूण सापडली होती. चोराने काढलेली किल्ली घरमालकानेच वाटली!

कायदा हळूहळू जागा होतो आहे. युरोपीय न्यायालयाने २०२१ साली बेल्जियमच्या एका खटल्यात सांगितलं, की प्रोग्रॅम रीतसर विकत घेणारा त्यातला दोष दुरुस्त करण्यासाठी तो उलगडून पाहू शकतो. २०२४ साली जर्मनीतून गेलेल्या सोनीच्या खटल्यात ठरलं, की मूळ कोडला धक्का न लावता चालू खेळाचे स्मृतीतले आकडे बदलणं हा त्या कोडच्या स्वामित्वहक्काचा भंग नव्हे. अमेरिकेत मात्र त्याच वर्षी, बाजारात न मिळणारे जुने खेळ अभ्यासकांना दुरून पाहू द्यायची ग्रंथालयांची मागणी फेटाळली गेली. २०२३ च्या एका अभ्यासानुसार तिथे २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के बाजारात उपलब्धच नाहीत.

मला वाटतं, हे श्पाल किंवा टोमानसारख्यांच्या चिकाटीवर सोडून चालणार नाही. सन्माननीय मार्ग माहीत आहे. इड सॉफ्टवेअरने १९९७ च्या डिसेंबरमध्ये 'डूम'चा सोर्स कोड खुला केला आणि म्हणूनच तो खेळ आज जवळपास कुठल्याही यंत्रावर चालतो. कंपनीला एखादा खेळ सोडून द्यायचा असेल तर खुशाल सोडावा, पण जाताना किल्ली ठेवून जावं.

आणि तुमच्या माळ्यावर एखादी जुनी सीडी असेल तर ती टाकू नका. तिच्या शेजारी तिचे पॅच आणि त्यांच्यासोबत आलेली रीडमी फाइलही जपा. कोणतं ठिगळ कुठे आणि का लावलं, हे त्या फाइलीतच लिहिलेलं असतं.