डबीवर 'रेशी' लिहिलंय, पण डबीत काय आहे?

परवा ओळखीतले एक निवृत्त गुरुजी घरी आले. हातात पांढरी डबी, तिच्यावर लाल चकचकीत मश्रूमचं चित्र. 'रेशी'च्या साठ कॅप्सूल. पाहुण्यांतल्याच एकानं त्यांना 'जॉइन' करून घेतलेलं. महिन्याला दोन हजारांच्या वर खर्च. मला म्हणाले, "शुगरची गोळी बंद करून हेच चालू ठेवावं म्हणतो. तुम्ही पेपरवाले, हे खरं का खोटं तेवढं सांगा."

मी म्हणालो, गुरुजी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करायची नाही, हे आत्ताच सांगतो. बाकीचं दोन दिवसांनी. त्या दोन दिवसांचे आठ झाले.

अळिंबीचं औषध आपल्याला नवीन नाही. कोकणात आणि घाटमाथ्यावर फणसाच्या खोडावर लाकडासारखी कडक बुरशी येते, तिला फणसांबा म्हणतात. लहान मुलाच्या तोंडातून फार लाळ गळायला लागली की तो सहाणेवर पाण्यात उगाळून हिरड्यांना लावायची जुनी रीत आहे. काष्ठौषधींच्या दुकानात तो आजही मिळतो. गुण किती, हा वेगळा वाद. पण उगाळणाऱ्या आजीला आपण काय उगाळतोय हे दिसत होतं. तुकडा हातात, वास नाकाला.

आपल्या नगरात गंगाधरशास्त्री गुणे यांनी 1917 साली आयुर्वेद महाविद्यालय सुरू केलं, तेव्हाही वैद्याची पहिली परीक्षा म्हणजे वनस्पती ओळखणं. पण त्याच काळात औषध बाटलीत आणि पुडीत शिरलं होतं. डोळ्यांना दिसायचं फक्त लेबल. बाजारात भेसळीची आणि कमअस्सल औषधं इतकी झाली की इंग्रज सरकारला 1930 मध्ये कर्नल रामनाथ चोप्रांची समिती नेमावी लागली. तिचा अहवाल आला 1931 मध्ये, कायदा झाला 1940 मध्ये. मधल्या काळात, 1937 साली, अमेरिकेत डायइथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रवात कालवलेलं सल्फाचं औषध पिऊन शंभरावर माणसं गेली आणि पुढच्याच वर्षी तिथं कडक कायदा आला. आपल्याकडं आयुर्वेदिक औषधं कायद्याखाली यायला 1964 उजाडलं.

कायदा होता, तरी 1986 चा जे.जे. कांड घडलाच. तेव्हाच्या लोकांना आठवत असेल. मेंदूवरचा किंवा डोळ्यातला दाब उतरावा म्हणून रुग्णाला ग्लिसरीन पाजतात. मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात त्या जानेवारी-फेब्रुवारीत ते पाजलं आणि मूत्रपिंडं निकामी होऊन 14 जण गेले. ग्लिसरीनमध्ये निघालं तेच, अमेरिकेतलं डायइथिलीन ग्लायकॉल. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगानं खरेदीपासून तपासणीपर्यंत जागोजागच्या ढिलाईवर बोट ठेवलं. आरोग्यमंत्री भाई सावंतांना खुर्ची सोडावी लागली. लेबलवर ग्लिसरीनच लिहिलेलं होतं, हे मला त्यातलं सगळ्यात भयंकर वाटतं. आत काय आहे, हे रुग्णाच्या तोंडात जाण्याआधी कुणी पाहिलं नाही.

आता गुरुजींची डबी. ती औषधांच्या कायद्यात येतच नाही. ती 'खाद्य' आहे. 2006 चा अन्नसुरक्षा कायदा, आणि त्याखालचे 1 जानेवारी 2018 पासून लागू झालेले पूरक आहाराचे नियम. डबीवर 'औषधी वापरासाठी नाही' असं छापावं लागतं. गुरुजींच्या डबीवरही ते होतं, मुंगीच्या अक्षरात. तोंडानं मात्र शुगरपासून कॅन्सरपर्यंत सगळं बरं होतं! चौदा आकडी परवाना क्रमांक दाखवून "सरकारमान्य आहे" म्हणतात. तो क्रमांक धंद्याला परवाना आहे एवढंच सांगतो. गुण येईल असं त्यात कुठं लिहिलेलं नसतं.

कॅन्सरची गोष्ट कुठून आली तेही सांगतो. जपाननं 1977 मध्ये क्रेस्टिन आणि 1985 मध्ये लेंटिनान ही अळिंबीतून काढलेली औषधं मान्य केली, तीही कॅन्सरच्या मुख्य उपचाराला जोड म्हणून. लेंटिनान तर इंजेक्शननं देतात. शुद्ध केलेल्या घटकाचं नाव झालं आणि त्या नावावर कॅप्सूल विकल्या जायला लागल्या.

मग चांगला माल कसा ओळखायचा? आपल्या भागात ज्यांनी धिंगरी लावलीय त्यांना हे पटकन कळेल. राहुरी विद्यापीठाच्या पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबीचा प्रकल्प आहे, तिथं जाऊन बघा. स्पॉन, म्हणजे अळिंबीचं बियाणं, उकडलेल्या गव्हावर किंवा ज्वारीवर वाढवतात. दाण्यांवर पांढऱ्या धाग्यांची जाळी धरते. ते काडाच्या पिशवीत भरायचं, मग छत्र्या येतात. आता समजा कुणी छत्री यायची वाटच पाहिली नाही, धागे धरलेले दाणे तसेच वाळवले, दळले आणि कॅप्सूलमध्ये भरले तर? ते 'मश्रूम'च म्हणून विकता येतं. त्यात धान्याचं पीठ किती, हे ग्राहकाला कळत नाही.

लेबलवर 'पॉलिसॅकराइड 40 टक्के' असं छापलेलं असलं की माणूस भारावतो. अहो, पिठातला स्टार्चही पॉलिसॅकराइडच. विचारायचं ते बीटा-ग्लुकान किती. छत्रीपासून केलंय की दाण्यावरच्या धाग्यांपासून. आणि त्याच बॅचचा प्रयोगशाळेचा रिपोर्ट, शिसं-आर्सेनिकसारख्या जड धातूंच्या तपासणीसकट. मागितल्यावर जो विषय बदलतो, त्याच्याकडून घेऊ नका. हे फक्त आपल्याकडंच चालतं असंही नाही. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या रेशीच्या 19 नमुन्यांची तपासणी 2017 मध्ये प्रसिद्ध झाली, त्यातले लेबलशी जुळणारे निघाले 5.

आठव्या दिवशी गुरुजींकडं गेलो. एक कॅप्सूल फोडून पूड कोमट पाण्यात कालवली आणि मेडिकलमधून आणलेल्या टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाकले. शाळेत बटाट्यावर करायचो तोच प्रयोग. पाणी काळंनिळं झालं. यावरून स्टार्च आहे एवढंच कळतं. रंग आला नसता तरी ती रेशीच आहे हे सिद्ध झालं नसतं, तेवढं प्रयोगशाळाच सांगू शकते. गुरुजींनी तीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवलं, त्यांना समजावण्याची गरज पडली नाही.

थोडा वेळ ते त्या वाटीकडं बघत बसले. मग आत हाक मारली, "अगं, माझी सकाळची गोळी राहिलीय, आण जरा." आणि मला म्हणाले, "त्या पाहुण्याच्या पोराचं लग्न आहे पंधरा दिवसांनी. त्याला आता काय सांगू?"