फोनातले पैसे आणि गल्ल्यातली रोकड

नैरोबीपासून चाळीसेक किलोमीटरवर थिका नावाचं शहर आहे. भोवती अननसाचे मळे. २००५च्या ऑक्टोबरात थिका, नैरोबीची मध्यवस्ती आणि माथारेची झोपडपट्टी अशा तीन ठिकाणी मिळून आठ दुकानांत एक प्रयोग सुरू झाला. प्रयोगाचा हेतू जवळजवळ रटाळ म्हणावा असा होता. फाउलू नावाच्या संस्थेकडून छोटी कर्जं घेणारे लोक दर आठवड्याला गटाच्या बैठकीला येऊन हप्ता रोख भरत. तो फोनवरून भरता आला तर दोघांचाही वेळ वाचेल, एवढीच कल्पना. निम्मा खर्च ब्रिटन सरकारच्या परदेशी मदत खात्याचा, निम्मा व्होडाफोनचा. कल्पनेमागे व्होडाफोनचे निक ह्यूज, आणि केनियात तळ ठोकून ती राबवणाऱ्या सूझी लोनी. पाचशेच्या आतबाहेर कर्जदारांना फोन फुकट दिले, दुकानदारांना शिकवलं, आणि काय होतं ते बघत बसले.

झालं ते भलतंच. हप्ते आले, पण त्या निमित्ताने हाती आलेलं यंत्र लोकांनी वाटेल त्या कामाला जुंपलं. थिकाहून नैरोबीला निघालेला माणूस निघण्यापूर्वी दुकानात पैसे भरायचा आणि नैरोबीला उतरल्यावर तिथल्या दुकानातून काढून घ्यायचा. वाटेत लुटलं जायची भीती नाही. बँका दुपारी बंद होत, ही दुकानं संध्याकाळी उशिरापर्यंत उघडी, म्हणून बऱ्यापैकी धंदा असलेले व्यापारी दिवसाचा गल्ला रात्रीपुरता फोनात ठेवू लागले. कुणी गावच्या नातेवाइकाला टॉकटाइम विकत घेऊन दिला, कुणी आपसातली उसनवारी फेडली.

फाउलूच्या बाजूने बघितलं तर प्रयोग फसला. त्यांचे हिशेब वह्यांतले. फोनवरून आलेला हप्ता कुणाच्या नावे मांडायचा यातच त्यांचे कारकून मेटाकुटीला आले. त्याहून मोठी अडचण म्हणजे लोक बैठकीला यायचेच बंद झाले. गटकर्जाचा सगळा डोलारा शेजारणीच्या डोळ्यांवर उभा असतो. कुणी हप्ता चुकवला हे चारचौघींत दिसलं पाहिजे, तरच पुढच्या आठवड्यात तो येतो. फोनने तो धाकच काढून घेतला.

सफारीकॉम ही केनियातली व्होडाफोनची भागीदार कंपनी. तिथल्या लोकांनी कर्जाचं प्रकरण सरळ गुंडाळून ठेवलं आणि माणसं जे आपणहून करत होती तेच विकायला काढलं. ६ मार्च २००७ रोजी एम-पेसा बाजारात आलं. घोषवाक्याचा अर्थ एवढाच: पैसे घरी पाठवा. नैरोबीत राबणारा मुलगा आणि व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या गावातले आईबाप हेच गिऱ्हाईक. गिरणगावातून दर महिन्याला कोकणात जाणाऱ्या मनिऑर्डरींवर ज्यांची घरं चालली त्यांना ही गरज समजावून सांगावी लागू नये. फरक इतकाच, की केनियात पोस्टाचा भरवसा कमी होता. पैसे पाकिटात घालून बसच्या ड्रायव्हरकडे द्यायचे किंवा गावी निघालेला ओळखीचा माणूस गाठायचा, हीच रूढ पद्धत. पाकीट पोचायचं, पण कधी हलकं होऊन.

तरीही ह्यूज-लोनींना या वस्तूचे जनक म्हटलं तर कूळ अर्ध्यावरच सोडल्यासारखं होईल. त्यांच्या आधी काही वर्षं आफ्रिकेत ही गोष्ट कंपन्यांच्या नकळत चालू होती. युगांडात तिला सेन्टे म्हणत, म्हणजे पैसेच. कंपालात राहणारा माणूस टॉकटाइमचं कूपन विकत घ्यायचा, पण स्वतःच्या फोनमध्ये भरायचा नाही. गावात फोन चालवून चार पैसे कमावणारी बाई असे, तिला फोन करून कूपन खरवडून निघालेला आकडा वाचून दाखवायचा. ती तो आपल्या फोनमध्ये भरायची, आपली दलाली कापून उरलेले पैसे रोख त्याच्या आईच्या हातात ठेवायची, आणि टॉकटाइम गावकऱ्यांना मिनिटावर विकून आपली रक्कम सोडवायची. बँक नाही, करार नाही, पावती नाही. बोत्स्वाना आणि घानातही टॉकटाइम असा चलनासारखा फिरत होता, आणि २००२च्या सुमारास ब्रिटिश अभ्यासकांनी ते टिपलं होतं. मला विचाराल तर मोबाइल मनीचा मूळ पुरुष ही फोनवाली बाईच आहे. केनियात मात्र एक वेगळीच आख्यायिका ऐकू येते: एम-पेसा एका विद्यार्थ्याच्या डोक्यातून निघालं आणि कंपनीने ते ढापलं. कंपनी ते नाकारते. पण एवढी मोठी गोष्ट परक्यांनी सुचवली असेल हे लोकांच्या पचनी पडत नाही, हे समजण्यासारखं आहे.

तंत्राच्या बाबतीतही केनिया पहिला नव्हे. फिलिपिन्समध्ये स्मार्ट मनी २००१च्या आसपास आणि जीकॅश २००४ मध्ये सुरू झालं होतं. मग गवगवा केनियाचाच का झाला? उत्तर फोनात सापडत नाही. ते दुकानात सापडतं.

या दुकानदाराला स्वाहिलीत वकाला म्हणतात. सफारीकॉमच्या हिरव्या रंगात रंगवलेली टपरी, आत एक साधा फोन, गल्ला आणि कंपनीने दिलेली रेघा आखलेली वही. गिऱ्हाईक ओळखपत्र दाखवतं. वकाला वहीत तारीख, रक्कम, नाव, ओळखपत्राचा आणि फोनचा नंबर लिहितो, सही घेतो. दोन्ही फोनांवर संदेश येतो, आणि तो आल्याशिवाय शहाणा माणूस काउंटर सोडत नाही. भरायला शुल्क नाही, काढायला आहे. सुरुवातीच्या दरपत्रकात ३५,००० शिलिंगपर्यंत कितीही पाठवा, पाठवणावळ ३० शिलिंग. पण घेणाऱ्याने नाव नोंदवलेलं नसेल तर पाठवणाऱ्याला अडीचपट आणि त्याहून जास्त भुर्दंड. साहजिकच पहिले पैसे पाठवले की मुलगा आईला सांगणार, तू एकदाची नोंदणी करून टाक. जाहिरातीवर जे खर्चावं लागलं असतं ते काम कंपनीने मुलांकडून करून घेतलं.

वकालाची खरी कसरत वेगळीच. त्याला दोन साठे सांभाळावे लागतात: गल्ल्यात रोकड आणि फोनात बॅलन्स. कुणी पैसे भरले की रोकड वाढते, बॅलन्स घटतो. कुणी काढले की उलट. शहरात लोक भरतात, म्हणून शहरी वकालाचा बॅलन्स संपतो आणि गल्ला फुगून वाहतो. गावात लोक काढतात, म्हणून खेड्यातल्या वकालाच्या फोनात भरपूर आणि गल्ल्यात खडखडाट. मग त्याने दुकान कुणाच्या तरी हवाली करायचं, मटाटूत, म्हणजे तिथल्या भाड्याच्या मिनीबसमध्ये, बसून तालुक्याच्या गावी बँक गाठायची आणि नोटांचं पुडकं अंगाशी धरून परत यायचं. कमिशन असं कितीसं? बाजाराच्या दिवशी चार गिऱ्हाइकं परत पाठवावी लागली तर ती पुन्हा येत नाहीत. डिजिटल क्रांती वगैरे शब्द वापरणाऱ्यांनी एकदा या मटाटूच्या मागच्या सीटवर बसून यावं.

हे सगळं कायद्यात बसलं कसं, हाही कुळाचाच भाग आहे. केनियाच्या मध्यवर्ती बँकेने आधी कायदा करून मग परवानगी द्यायची असं केलं नाही. आमची हरकत नाही, अशा आशयाचं पत्र दिलं आणि नजर ठेवली. अट महत्त्वाची होती: फोनात दिसणाऱ्या प्रत्येक शिलिंगमागे बँकेतल्या विश्वस्त खात्यात एक खरा शिलिंग हवा, आणि तो कंपनीने वापरायचा नाही. २००८च्या अखेरीस अर्थमंत्रिपदाचा कार्यभार सांभाळणारे जॉन मिचुकी यांनी या प्रकाराविषयी जाहीर शंका काढली, तपासणी झाली, आणि सगळं ठीक आहे असा निर्वाळा मिळाला. तोवर लोकांनी आपला निर्वाळा दिलाच होता. त्याच वर्षाच्या सुरुवातीला निवडणुकीनंतरच्या दंगलींत वस्त्यांत अडकून पडलेल्यांना नातेवाइकांनी याच वाटेने पैसे आणि टॉकटाइम पोचवला होता. पुढे २०१६ मध्ये तवनीत सुरी आणि विल्यम जॅक या अर्थशास्त्रज्ञांनी मांडलं की एम-पेसामुळे १,९४,००० कुटुंबं, म्हणजे केनियातली दोन टक्के घरं, गरिबीतून वर आली. आकड्यावर वाद झाले, ते व्हायचेच.

बाहेर गेल्यावर मात्र हे रोप जागोजागी वेगळं वाढलं.

दक्षिण आफ्रिकेत व्होडाकॉम या फोन कंपनीने २०१० मध्ये नेडबँकेच्या जोडीने एम-पेसा आणलं. तीन वर्षांत एक कोटी गिऱ्हाइकं हा मनसुबा. २०१६ मध्ये बंद केलं तेव्हा नियमित वापरणारे ७६,००० होते. कारण तिथे भोक बुजलेलं होतं: बँका आणि एटीएम बऱ्यापैकी पसरलेले, आणि गावी पैसे पाठवायचे तर सुपरमार्केटच्या काउंटरवर पाठवता यायचे. केनियात पाचातल्या चारांहून अधिक प्रौढांचं बँकेत खातंच नव्हतं, तेव्हाची गोष्ट निराळी.

अफगाणिस्तानात २००८ मध्ये रोशन कंपनीने एम-पैसा सुरू केलं आणि २००९ मध्ये वर्दक प्रांतातल्या काही पोलिसांचा पगार फोनवर द्यायला सुरुवात झाली. शिपायांना वाटलं, सरकारने घसघशीत पगारवाढ दिली. पगार होता तेवढाच होता. आजवर वरच्यांच्या हातातून झिरपत यायचा, आता थेट आला. एका कमांडरने शिपायांचे फोन आणि पिन गोळा करून स्वतःच दुकान गाठल्याची हकीकतही नोंदलेली आहे. यंत्र बदललं तरी साहेब तोच होता.

सोमालीलँडमध्ये टेलिसॉम कंपनीची ‘झाद’ ही सेवा २००९ पासून चालते, आणि ती डॉलरमध्ये. तिथल्या शिलिंगची किंमत इतकी घसरलेली की हर्गेसाच्या बाजारात सराफ रस्त्यावर नोटांच्या थप्प्यांच्या भिंती रचून बसत. कोण पोतंभर नोटा उचलत फिरणार? त्यापेक्षा भाजीवाल्यालाही फोनवरून अर्धा डॉलर दिलेला बरा. पाठवायला शुल्क नाही. कंपनीची कमाई टॉकटाइम आणि बाकी सेवांतून. इथे फोनने बँकेची जागा घेतली नाही. नोटेचीच घेतली.

पाकिस्तानात २००९ मध्ये टेलिनॉरचं इझीपैसा आलं, पण गिऱ्हाइकाने खातं उघडायचे कष्ट घेतले नाहीत. दुकानदाराला रोकड आणि ओळखपत्राचा नंबर द्यायचा, तो आपल्या फोनवरून पाठवणार. लोकांना मोबाइल मनी नको होती, मोबाइल मनीवाला माणूस हवा होता. बांगलादेशात २०११ मध्ये आलेलं बीकॅश तर क्रियापदच होऊन बसलं. ढाक्याच्या कपड्यांच्या कारखान्यांतल्या मुली त्याच वाटेने घरी पैसे पाठवतात, आणि २०२०च्या टाळेबंदीत तिथल्या लाखो कामगारांचा पगार फोनवर आला.

आणि आपल्याकडे? व्होडाफोनने एम-पेसा २०१३ मध्ये भारतात आणलं, आयसीआयसीआय बँकेला सोबत घेऊन. सोबत घेणं भागच होतं. मोबाइलवरचा पैसा बँकांच्याच अखत्यारीत राहावा असं रिझर्व्ह बँकेचं धोरण. फोन कंपनीने आपल्या बळावर पैसे घ्यावेत आणि दुकानातून रोकड काढून द्यावी याला मुभा नव्हती. वकाला उभा करायला जो मोकळेपणा आणि जी कमाई लागते ती इथे जमली नाही. २०१९ मध्ये कंपनीने दुकान आवरलं, आणि जानेवारी २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने परवाना रद्द केल्याचं जाहीर केलं.

पण तोवर प्रश्नच बदलला होता. २०१४ पासून जनधनची कोट्यवधी खाती उघडली गेली, आणि ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत रघुराम राजन यांच्या हस्ते यूपीआयची प्रायोगिक सुरुवात झाली. केनियात फोन हेच खातं. यूपीआयमध्ये फोन ही बँकेतल्या खात्याची किल्ली. एकात पैसा कंपनीच्या विश्वस्त खात्यात, दुसऱ्यात आपापल्या बँकेत. म्हणून आपल्या टपरीवाल्याकडे रोकड असायची गरज उरली नाही, स्टिकर आणि रक्कम ओरडून सांगणारा डबा पुरला. म्हणून आपल्याकडे चहाचे दहा रुपये फोनवर जातात आणि केनियात बराच काळ असे किरकोळ व्यवहार रोखीतच राहिले, कारण तिथे प्रत्येक पाठवणीला दर होता.

दर कुणी द्यायचा, हा या कुळातला जुना तंटा आहे. केनियात गिऱ्हाईक देतं, त्यातून वकालाचं कमिशन निघतं. घानाच्या सरकारने १ मे २०२२ पासून फोनवरच्या पाठवणीवर दीड टक्का कर बसवला. पुष्कळ लोक सरळ रोखीकडे वळले, पुढच्या वर्षी कर एक टक्क्यावर आला आणि २०२५ मध्ये रद्दच झाला. युगांडाने २०१८ मध्ये एक टक्का लावला आणि ओरड झाल्यावर अर्ध्यावर आणला, तोही फक्त काढताना. भारतात जानेवारी २०२० पासून यूपीआय घेणाऱ्या दुकानदाराला शुल्क नाही, देणाऱ्यालाही नाही. तो खर्च बँका आणि ॲपवाल्या कंपन्या सोसतात, थोडी भरपाई सरकार तिजोरीतून करतं, आणि हे आतबट्ट्याचं आहे अशी त्यांची कुरकुर अधूनमधून वर्तमानपत्रांत येते. दुकानदारांच्या संघटना लगेच उत्तर देतात की शुल्क लावलंत तर आम्ही पुन्हा रोख मागू.